आईचा खुबा आणि त्याआधी वाकलेली पाठ

आईचा उजवा खुबा मोडला तो पहाटे, न्हाणीच्या उंबऱ्याशी. वय 74. लघवीला उठली, पाय अडखळला आणि कुशीवर पडली. माडीवरून नाही, गाडीवरून नाही, उभी होती तिथल्या तिथं. धडधाकट हाड एवढ्यानं मोडत नाही, ठिसूळ झालेलं मोडतं, असं मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि पुढच्या सगळ्या उपचारांची दिशा त्या वाक्यानं ठरली. खुब्याच्या ऑपरेशनबद्दल लोक बरंच सांगतात. हाड मुळात का मोडलं आणि पुढचं मोडू नये म्हणून काय करायचं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला दोन्ही सांगायचं आहे.

तासगावजवळ आमचं घर, दादाची द्राक्षबाग. मी सांगलीत शिकवते. दादाचा फोन आला तेव्हा उजाडायचं होतं. "आई पडलीया. पाय हलवला की वरडतीया." शेजारपाजारचे जमले होते. कुणी म्हणत होतं लचक भरलीय, तेल लावून चोळा. कुणी म्हणत होतं उभी करून बघा, चालली तर मोडलं नाही. वहिनीनं कुणालाच हात लावू दिला नाही. तिचे वडील असेच पडले होते, म्हणून तिला ठाऊक होतं. तिनं 108 ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत आईला होती तिथंच, अंगावर घोंगडी घालून, पडून राहू दिलं. गाडीतल्या डॉक्टरांनी दोन्ही पायांच्या मधे उशी ठेवली, पाय एकमेकांना सैलसर बांधले आणि मग तिला स्ट्रेचरवर घेतलं. मोडलेल्या पायाला चांगल्या पायाचा आधार मिळाला की तो हलत नाही आणि कळही कमी येते.

तालुक्याला एक्स-रे झाला, खुबा मोडल्याचं कळलं आणि मिरजेला न्यायचं ठरलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हटलं की मिरज, हे आजोबांच्या काळापासून चालत आलंय.

तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे हातात घ्यायच्या आधी आईच्या पायांवरची चादर बाजूला केली आणि नुसतं बघितलं. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं, करंगळी जवळजवळ गादीला टेकलेली. दोन्ही टाचा जवळ ठेवून बघितल्या तर उजवी डावीपेक्षा बोटभर वर. "आजी, गुडघा न वाकवता पाय उचला बघू." आईनं जोर लावला, कपाळावर घाम आला, पण टाच गादीवरून सुटली नाही. ते म्हणाले, पडल्यावर पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय आणि उचलता येत नाही, एवढं दिसलं की खुबा मोडलाय असंच धरून चालायचं. एक्स-रे हवा तो कुठं मोडलाय ते बघायला.

आणि तेच बघणं महत्त्वाचं होतं, कारण खुब्याचं मोडणं दोन जातींचं असतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याच्या खाली बारीक मान. मान मोडली तर एक उपचार, मानेच्या खालचा रुंद भाग मोडला तर दुसरा. डॉक्टरांनी दोन्ही खुबे एकाच फिल्मवर घेतले होते. डाव्या बाजूला मानेच्या आतल्या कडेपासून जांघेतल्या हाडाच्या कडेपर्यंत पेनानं रेघ ओढली तर ती कमानीसारखी सलग गेली. उजव्या बाजूला मधेच तुटली, पायरी पडल्यासारखी. मान मोडून सरकली होती.

दादा म्हणाला, "सळी घालून जोडता येणार नाही का? गोळा का बदलायचा?" त्याचा प्रश्न बरोबर होता. गावात दोघांना सळी घातलेली त्यानं बघितली होती आणि ते चालत होते. डॉक्टरांनी त्याला विचारलं, शेती काय करता? द्राक्षं, म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला सांगायला सोपं आहे. घडाचा देठ मोडला की मणी किती दिवस टिकतात? या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेच्या कडेनं वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात. मी स्क्रू घालून जोडलं तरी गोळा सुकण्याची, नाहीतर हाड न जुळण्याची भीती मोठी. मग या वयात दुसरं ऑपरेशन." मानेच्या खालच्या रुंद भागाला रक्ताचा पुरवठा भरपूर, तो जुळतो. म्हणून तिथं सळी किंवा प्लेट चालते. गावातल्या त्या दोघांचं मोडणं त्या जातीचं असणार. तरुण माणसाची मान मोडली तर मात्र त्याचा स्वतःचा गोळा वाचवायला स्क्रूच घालतात, तेही जितक्या लवकर होईल तितकं.

दुपारपर्यंत नातेवाईक जमले आणि हाडवैद्याचा विषय निघालाच. एका काकांना मनगटाला गुण आला होता. मी त्या काकांचा राग करत नाही, ते जिवाभावानं सांगत होते. पण मनगटाचं हाड कातडीखाली हाताला लागतं आणि बरेचदा आपसूक जुळतं. खुब्याची मान जाड स्नायूंच्या आत, सांध्याच्या पिशवीत असते. वरून लावलेला लेप तिथवर पोचत नाही. त्यात लेप लावून सहा आठवडे झोपवायचं म्हणजे त्या वयाच्या माणसाला छातीत कफ, पायाच्या शिरेत गुठळी आणि पाठीला जखमा यांच्या तोंडी देणं. खुबा मोडलेली माणसं हाडानं जात नाहीत, अंथरुणानं जातात. हे डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, आणि मग काकांनीच बाकीच्यांना गप्प केलं.

ऑपरेशन लवकर, शक्यतो 24 ते 48 तासांत, असा जगभरचा दंडक आहे. पण त्याआधी एका गोष्टीचा छडा लावायला डॉक्टर अडून बसले. आजी पडल्या कशामुळं? चक्कर आली होती का, छातीत धडधडलं का, डोळ्यांपुढं अंधारी आली का, पडल्यावर शुद्ध गेली होती का, रोजच्या गोळ्या कुठल्या? सांधेदुखीच्या पुड्या घेता का, हेही विचारलं, कारण तसल्या काही पुड्यांत स्टेरॉइड असतं आणि ते हाड पोखरतं. वहिनीनं गोळ्यांची पिशवीच आणली होती. ईसीजी आणि इको चांगला निघाला, पण रक्तात सोडियम 128. ते 135 च्या वर हवं. आईच्या ब्लड प्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि म्हातारपणी त्यानं सोडियम उतरतं. सोडियम उतरलं की तोल जातो, डोकं जड होतं. महिनाभर ती "भिरभिरल्यागत हुतंय" म्हणत होती त्याचा उलगडा तिथं झाला. ती गोळी बंद करून दुसरी दिली. सोडियम घाईनं वर चढवायचं नसतं, मेंदूला इजा होते, म्हणून ते सावकाश वर आणलं. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांना चालेल इतपत झालं.

त्या रात्रीचं एक आवर्जून सांगते. भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत जांघेच्या जरा खाली एक इंजेक्शन दिलं, नसेच्या आजूबाजूला. अर्ध्या तासात आईचा चेहरा बदलला. तोवर बेडपॅन सरकवायचं म्हटलं तरी ती माझं मनगट आवळून धरायची. मग ती म्हणाली, "आता च्या दे." पायाला वजन टांगून ठेवायची जुनी पद्धत मी ऐकली होती, तेही विचारलं. उद्या ऑपरेशन असताना त्यानं वेदना कमी होत नाहीत, उलट टाचेची कातडी सोलते, असं उत्तर मिळालं. तुमच्या घरात कुणाचा खुबा मोडला तर या इंजेक्शनबद्दल जरूर विचारा. वेदना दाबायला झोपेची आणि गुंगीची औषधं द्यावी लागली नाहीत की म्हातारं माणूस शुद्धीवर राहतं.

ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन झालं. मोडका गोळा काढला, त्याच्या मापाचा धातूचा गोळा दांड्यासकट मांडीच्या हाडात बसवला आणि हाडाच्या सिमेंटनं पक्का केला. वाटी आईची स्वतःचीच ठेवली. वाटीसकट पूर्ण सांधा बदलायचा पर्यायही असतो, जास्त हिंडत्याफिरत्या माणसाला तो चांगला. आईचं चालणं घर, अंगण आणि देऊळ एवढंच, म्हणून अर्धा सांधा पुरेसा होता. सिमेंट भरताना ब्लड प्रेशर एकदम उतरू शकतं, हा धोका भूलतज्ज्ञांनी सही घेताना झाकून ठेवला नाही. मला ते फार बरं वाटलं. गुठळी, न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, गोळा निखळणं, सगळं त्यांनी समोर बसून सांगितलं.

संध्याकाळी आई वॉर्डात आली तेव्हा ठीक होती. रात्री दहाच्या सुमाराला ती मला ओळखेना. "रेडकू सुटलंय, बांधा की कुणीतरी," असं म्हणत सलाईनची नळी ओढायला लागली. आमच्या गोठ्यात म्हैस नाही त्याला वीस वर्षं झाली. मी घाबरून गेले. मेंदूत काहीतरी झालं असंच वाटलं. रात्रपाळीच्या सिस्टरांनी मला बसवलं आणि सांगितलं की खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, बरेचदा काही दिवसांत निघून जातो. त्यांनी ऑक्सिजन, साखर, लघवीची नळी तपासली, डॉक्टरांना फोन केला, पण झोपेचं इंजेक्शन दिलं नाही. आईचा चष्मा माझ्या पर्समधे होता, तो डोळ्यांवर चढवायला लावला. भिंतीवरचा दिवा चालू ठेवला. माणसं बदलत बसू नका, एकच ओळखीचा आवाज राहू दे, तिच्याशी वाद घालू नका, म्हणाल्या. मी म्हटलं, "रेडकू बांधलं आई, वैरण पण टाकली." ती शांत झाली. सकाळी उन्हाच्या बाजूला खाट वळवली, लघवीची नळी काढली. पुढच्या दोन रात्री थोडं थोडं झालं आणि मग थांबलं. हे आधी कुणी सांगून ठेवलं असतं तर ती रात्र मला इतकी जड गेली नसती, म्हणून मी ते इथं सविस्तर लिहिलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट ताई वॉकर घेऊन आल्या. बघायला आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, टाके ओले हायत अजून, निजू दे की बाई तिला." घरोघर हेच होतं. निजू देणं म्हणजे माया, असं आपल्याला वाटतं. पण सिमेंटनं बसवलेला गोळा पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन पेलतो. निजण्यानं हाडाला काही फायदा नाही. स्नायू मात्र झपाट्यानं गळतात. ताईंनी आईला आधी खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले, चक्कर येतेय का बघितलं, ब्लड प्रेशर मोजलं. मग काखेत हात न घालता कमरेला पट्टा बांधून उठवलं. "आजी, आधी वॉकर पुढं. मग ऑपरेशनचा पाय. मग चांगला पाय. वजन हातांवर घ्या." आई खुर्चीपर्यंत गेली. रडली, पण गेली. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी, हे पुढं शिकवलं. खाटेवर असतानाही घोटे वरखाली करायचे, तीन चेंडू असलेल्या, फुप्फुसांच्या व्यायामाच्या यंत्रात श्वास ओढायचा. रोज एक इंजेक्शन पोटाच्या कातडीत, गुठळी होऊ नये म्हणून. ते घरी गेल्यावरही काही आठवडे द्यायचं होतं, वहिनी द्यायला शिकली.

टाचांकडं बघत राहा. कुणाच्याही डोक्यात येत नाही, पण जखम पहिल्यांदा तिथं होते, नाहीतर माकडहाडावर. मी पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी ठेवायची आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून पांढरा झाला नाही, की तिथला दाब ताबडतोब काढायचा.

आई खुर्चीत बसायला लागली तेव्हा डॉक्टर एकदा मागून येऊन उभे राहिले आणि तिच्या पाठीकडं बघत राहिले. पाठ वरच्या बाजूला वाकलेली होती, हनुवटी पुढं आलेली. त्यांनी मला विचारलं, "यांची उंची कमी झालीय का?" मी कधी मोजली नव्हती. पण वहिनी चटकन म्हणाली की गेल्या वर्षापासून सासूबाईंच्या लुगड्याचा काठ पायात येतो, म्हणून त्या परकराची नाडी वर, बरगडीच्या खाली बांधतात. आणि फळीवरचा हरभऱ्याच्या डाळीचा डबा, जो त्या हात वर करून काढायच्या, तो आता त्यांच्या हाताला लागत नाही.

मग सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याची कळशी उचलताना पाठीत चमक निघाली होती. उभं राहिलं की दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. गावातल्या एका दवाखान्यात "मणक्यात गॅप आहे, वय झालं" म्हणून इंजेक्शनं आणि गोळ्या मिळाल्या. एक्स-रे झालाच नाही. काही आठवड्यांत दुखणं ओसरलं, पाठ तेवढी वाकलेली राहिली. आमच्या गावात वाकलेल्या पाठीच्या बायका इतक्या आहेत की त्यात कुणाला आजार दिसत नाही.

डॉक्टरांनी पाठीचा बाजूनं एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखा झाला होता, त्याच्या वरचा छातीचा बारावा मणकाही थोडा. ठिसूळ हाडांत मणका दबतो तो बहुतेक याच पट्ट्यात, जिथं छातीचा ताठ भाग संपून कमरेचा हलता भाग सुरू होतो. अशा दबलेल्या मणक्यांपैकी जेमतेम तिसरा हिस्साच वेळेवर ओळखला जातो, बाकीचे पाठदुखी म्हणून निघून जातात. आणि एक मणका दबला की पुढचा मणका किंवा खुबा मोडण्याची शक्यता वाढते. म्हणजे कळशी उचलताना निघालेली ती चमक पुढच्या खुब्याची सूचना होती. त्याच वेळी बाजूनं काढलेला एक एक्स-रे पुरला असता.

पण दबलेला प्रत्येक मणका ठिसूळपणानंच दबलाय असं धरून चालत नाहीत. आपल्याकडं मणक्याचा टीबी आहे, दुसरीकडचा कॅन्सर मणक्यात उतरतो, मायलोमा नावाचा रक्ताचा कॅन्सर हाडं पोखरतो. डॉक्टरांनी मला विचारलं, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं का? रक्तात ईएसआर (अंगात सूज किंवा संसर्ग आहे का ते सुचवणारी तपासणी), कॅल्शियम, प्रथिनांची वेगळी तपासणी, थायरॉइड, डी जीवनसत्त्व. मग एमआरआय. टीबीत बहुधा दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती अशी तिन्ही खराब होतात. आईच्या चकत्या शाबूत होत्या, हाडात ओल नव्हती, म्हणजे दबणं जुनं आणि बरं झालेलं होतं. ताजं असतं तर काही आठवडे पट्टा आणि वेदनेवर औषध, तेही शक्य तितकं कमी झोपून.

त्यांनी नसाही तपासल्या. पायाचा अंगठा वर ओढायला लावला, पाऊल खाली दाबायला लावलं, तळव्याला कापसानं स्पर्श केला. चकती सरकून नस दबली असती तर कळ कुल्ल्यातून मांडीमागनं पोटरीपर्यंत उतरली असती. ते काही नव्हतं. मात्र एक ताकीद त्यांनी दिली आणि ती प्रत्येक पाठदुखीच्या माणसाला माहीत असावी: पाय लुळे पडायला लागले, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जायचं. त्यात उद्यावर ढकललं की गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

घरी यायच्या आधी दादानं घर बदलून ठेवलं. खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे, कारण बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर यायला नकोत. पहिले तीन महिने खाली बसणं बंद, पाटावर जेवण बंद, मांडी बंद, पायावर पाय टाकणं बंद. ऑपरेशन मागच्या बाजूनं झालेलं असतं तेव्हा खुबा फार वाकवला आणि पाय आत वळला की गोळा निखळू शकतो. झोपताना दोन्ही पायांत उशी. संडास भारतीय पद्धतीचा होता, त्यावर कमोडची खुर्ची ठेवली. न्हाणीचा उंबरा फोडला. भिंतीला लोखंडी दांडा, खाली रबरी चटई, खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. दारातली पायपुसणी आईनंच जुन्या साड्यांची विणली होती, ती सगळी उचलली. तिला वाईट वाटलं. तिच्या अंगठ्याच्या चपला गेल्या आणि मागं पट्टा असलेल्या आल्या.

डेक्सा तपासणी पहिल्या फेरभेटीला झाली. ही हाडांची घनता मोजते, एक्स-रेसारखीच, दुखत नाही, टेबलावर पडून राहायचं. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ठिसूळपणा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. आईचा डाव्या खुब्याचा उणे 3.4 आला. उजव्या बाजूला धातू, तिथं मोजता येत नाही. आणि कमरेचा दबलेला मणका मोजणीतून वगळावा लागतो, कारण दबलेलं हाड मशीनला दाट दिसतं आणि आकडा फसवा चांगला येतो. डॉक्टर म्हणाले, खरं तर आकड्याची गरजच नव्हती. उभ्या जागी पडून खुबा मोडला तिथंच निदान झालं, डेक्सा हवी ती पुढं औषधाचा गुण मोजायला.

डी जीवनसत्त्व 11 निघालं, ते निदान 20 च्या वर हवं. उन्हातान्हात आयुष्य गेलेल्या बाईचं एवढं कमी कसं, हा माझा प्रश्न होता. पण गेली काही वर्षं ती घरातच असायची, आणि अंगभर लुगडं, डोक्यावर पदर. कातडीही वयानं ते कमी तयार करते. आठवड्यातून एकदा 60,000 युनिटची पुडी दुधातून, जेवल्यावर, आठ आठवडे. कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर. आहारात वहिनीनं नाचणी वाढवली, शंभर ग्रॅममधे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सकाळी आंबील, दुपारी ताक, तिळाची चटणी. अंडं ती खात नव्हती, प्रथिनासाठी मग डाळ, दही, शेंगदाणे.

पण नुसतं कॅल्शियम आणि डी देऊन भागत नाही, हे मला ठासून सांगायचंय. खुबा मोडलेल्या कितीतरी बायका एवढ्यावरच घरी पाठवल्या जातात. हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखणारं औषध लागतं. आईला झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं, 5 मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाईनमधून. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत हे औषध सुरू केलेल्यांमधे नवी हाडं मोडण्याचं प्रमाण 35 टक्क्यांनी आणि मृत्यूचं 28 टक्क्यांनी कमी दिसलं. दर आठवड्याची गोळीही मिळते, पण ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. आईला ते जमणार नव्हतं. दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शनही आहे, मात्र ते मधेच चुकवलं तर मणके एकामागोमाग दबू शकतात. रोज टोचायचं हाड वाढवणारं इंजेक्शनही डॉक्टरांनी समजावलं, दोन मणके दबलेल्या माणसाला ते चांगलं. खर्च आणि रोजची टोचणी बघून आम्ही सलाईन निवडलं.

सलाईनच्या आधी तीन गोष्टी झाल्या. क्रिएटिनिन तपासलं, कारण मूत्रपिंड अशक्त असेल तर हे औषध देत नाहीत. कॅल्शियम आणि डी भरून काढलं. आणि दाताच्या डॉक्टरांकडं नेलं, एक हलता दात आधीच काढून जखम भरू दिली, कारण या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. सलाईन अर्ध्या तासात संपलं. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंग मोडून आलं, पहिल्या वेळी बऱ्याच जणांना येतं, पॅरासिटामॉलवर उतरलं.

आई आता काठी घेऊन देवळापर्यंत जाते. घरात काठीही घेत नाही, त्यावरून वहिनीची बोलणी खाते. पाठ सरळ झालेली नाही, होणारही नाही. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहायचा व्यायाम ती रोज करते, पाठीचे स्नायू तेवढे धरून ठेवतात. खाली वाकून वजन उचलणं कायमचं बंद.

गेल्या महिन्यात मावशी आली होती, आईची धाकटी बहीण. बोलता बोलता म्हणाली, भाकरी करायला उभी राहिले की पाठ भरून येते, आडवी झाले की बरं वाटतं. मी तिला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि डोक्यावर पट्टी धरून उंची मोजली. मग तिच्या जुन्या पेन्शनच्या कागदावरची उंची बघितली, ती चार सेंटिमीटरनं जास्त होती. दुसऱ्या दिवशी बाजूनं एक्स-रे काढला. छातीचा बारावा मणका दबलेला निघाला. डेक्सा झालीय, डीच्या पुड्या सुरू आहेत, ईएसआर चांगला आहे. सलाईनच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडं जाऊन यायचं तेवढं राहिलंय.